बुडीत पीक

शिक्रापुरात जमीन कंपनीला गेली असली तरी सल्ल्याचा सातबारा प्रत्येकाच्या नावावर शाबूत आहे. त्यामुळे मी काचेच्या टाकीत जावा फर्न लावलाय, हे कळल्यावर भावकीतून पहिली चौकशी आली ती खताची.

खत नाही. मातीसुद्धा नाही. या नेच्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. मूळचा तो ओढ्याकाठच्या दगडांना, झाडांच्या मुळांना धरून राहणारा. जावा-मलायापासून आपल्या ईशान्य भारतापर्यंत त्याचं गणगोत. म्हणून त्याला दोऱ्यानं दगडावर बांधायचं, नाहीतर फेव्हिक्विकचा एक थेंब. पुण्यात दुकानदार 'लाव्हा रॉक' म्हणून दगड किलोवर विकतात. आमच्या बांधावरचा काळा दगडही लाव्ह्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो कुणी उचलून नेला तर शेतकरी वर चहा पाजतो.

चुलते आप्पा मुद्दाम बघायला आले.

"बांधून का घातलंय? पळून जातंय का?"

"मुळं धरेपर्यंत, आप्पा."

"वाढतं किती?"

"महिन्याला एखाद-दुसरं पान."

पीककर्ज बुडवणाऱ्याकडे सोसायटीचा सचिव बघतो तसं आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

पण गडी चिवट. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की गीझरच्या कॉइलवर खपल्या धरतात. त्यात हा खुशाल, आणि गप्पींनाही तेच मानवतं. उजेड बेताचा पुरतो. जास्त दिला तर पानांवर शेवाळ. गोल्डफिशसुद्धा त्याच्या चिवट पानाला सहसा तोंड लावत नाहीत. वाघोलीपासून चाकण चौकापर्यंतच्या कोंडीत ओल्या कागदात गुंडाळलेला हा नेचा ताजातवाना घरी पोचला, कोमेजलो मी. त्याचा आफ्रिकी भाऊबंद बॉल्बिटिस मात्र नखरेल, त्याला मऊ आणि खेळतं पाणी लागतं. शिरूर तालुक्यात मऊ पाणी आभाळातूनच येतं, तेही आलं तर.

मध्यंतरी आप्पांनी टाकीत हात घालून एक पान उलटं केलं. खाली तपकिरी ठिपके.

"करपा!" कांद्यात हयात गेलेला माणूस. "उद्या सकाळी मॅन्कोझेब मार."

मॅन्कोझेब माशांना जहाल. मी पंपाची वाट अडवून सांगितलं की हा रोग नाही, नेच्याचे बीजाणू पानाखाली असेच धरतात. आप्पांना पटलं नाही. पुढच्या खेपेला त्याच पानाच्या टोकावर इवली रोपं लटकत होती, पानं फुटलेली, केसासारखी मुळं सोडलेली. आप्पा बराच वेळ काचेला नाक लावून बसले.

"बियाणं विकत घ्यायचं नाही?"

"नाही."

"खत नाही, फवारणी नाही, खुरपायला बाया नाहीत?"

"नाही."

मग त्यांनी भाव विचारला. मूठभर जुडीला पुण्यात काय मोजले ते मी सांगितलं. कांदा पडला की गोणीलाही तेवढे सुटत नाहीत. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि विचारलं,

"एकरी दगड किती बसतील?"