टर्बो गेला म्हणे!

"काकू, समोरच्या दादांच्या गाडीचं कळलं का? टर्बो गेला म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"अख्खी आळी म्हणतेय. त्यांच्या मेहुण्यानं गाडी दौंड स्टेशनला नेली होती. पारगावच्या पुलाजवळ उसाच्या ट्रॉलीपुढं जायला गेला, तर गाडीला दमच नाही. मागून काळाकुट्ट धूर."

काकूंनी गोधडी तारेवर झटकली. त्यांचा भाचा न्हावऱ्यात गाड्या दुरुस्त करतो. त्याआधी रांजणगावला, फियाटच्या कारखान्यात इंजिनं बनतात तिथं शिकाऊ होता. त्यामुळं इंजिनाच्या बाबतीत काकूंचा शब्द शेवटचा.

"टर्बोबिर्बो काही नाही गं. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आतच टर्बो सांगून टाकला. आमच्या भाच्यानं आधी इंटरकूलरचे पाइप चाचपले. फाटलेले नव्हते. मग नुसती चावी फिरवली, इंजिन सुरूच केलं नाही, आणि स्कॅनर लावला. इंजिन बंद असलं की आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच हवा. मुंबईत 101 किलोपास्कल, आपण उंचावर म्हणून 95 च्या आसपास. ह्या गाडीत दाखवतोय 130!"

"बंद गाडीत एवढी हवा कुठनं आली?"

"तेच तर! हवेचा दाब मोजणारा सेन्सर थापा मारतोय. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं हवा भरपूर आहे, तो डिझेल सोडत बसतो. हवाच नाही तर जळणार कसं? धूर होणारच."

"मग लगेच बदलला?"

"छे. चार पिना असतात त्याला. एकीवर 5 व्होल्ट, एक अर्थ, एक दाबाची, एक तापमानाची. मीटर लावून 5 व्होल्ट आणि अर्थ बघितला, वायरिंग ठीक होतं. मग माझ्या सुनेचा केस वाळवायचा ड्रायर मागून नेला. सेन्सरवर गरम हवा सोडली की ओहम उतरायला हवेत. थंड असताना अडीच हजाराच्या आसपास होते, ते सरसर उतरले. म्हणजे तापमानाची बाजू शाबूत. टोकाला मात्र ईजीआरची काजळी, तव्याच्या बुडाला असते तशी. क्लीनरचा फवारा मारला, पण तार घालून खरवडलं नाही. आतला पडदा नाजूक असतो. वाळल्यावर परत लावला, तरी 130 च."

"मग?"

"मग नवा आणला. एक स्क्रू, एक रबरी रिंग. रिंगला तेलाचं बोट लावलं, स्कॅनरनं बिघाडाचा जुना कोड खोडला, चावी फिरवली. 95! टर्बोच्या मानानं चिल्लर खर्च."

मला राहवेना. "अहो काकू, मग दादा स्वतःच टर्बो गेला म्हणून का सांगत फिरतायत?"

काकूंनी इकडंतिकडं बघितलं आणि कुंपणाला खेटून उभ्या राहिल्या.

"मेहुण्याकडं टर्बोचे पैसे मागितलेत ना!"