भिंतीला पाझर फुटतो तेव्हा

सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये पाण्यालाही मानपान आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापीनं निम्म्याहून अधिक सुरत बुडवली. तो पूर म्हणजे घराण्यातला थोरला. धाकटी पाती मिठी खाडीची. 2020 आणि 2024 च्या पावसाळ्यात तीही गल्ल्यांत फिरून गेली. अशा पाण्याला होड्या मिळतात, पंचनामे होतात, कॅश डोलची, म्हणजे रोख मदतीची, चर्चा रंगते. भिंतीतल्या गळक्या पायपाला मात्र काळं कुत्रं विचारत नाही.

आमच्या मोरीमागची भिंत ऐन थंडीत ओलावली, तेव्हा खाडीवर ढकलायचीही सोय नव्हती. भिंत जुनी, दोन्ही अंगांना शेजार. अमळनेरचे मामा आले, वर बघून म्हणाले, "आखाजीच्या आत धाब्यावर खारी माती टाकायला हवी होती." वर मातीचं धाबं नाही, स्लॅब आहे, हे त्यांना खालून दिसलं नाही. मेहुण्यांनी ऑइलपेंट सुचवला. विटा पाणी वर ओढतात, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडतं आणि मागे पांढरा लोणा उरतो. त्यावर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि रंगाचे पोपडे निघतात. मेहुण्यांचा स्वतःचा हॉल याला साक्षीदार आहे.

मिस्त्रीनं प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी भिंतीला चिकटवायला सांगितला. बाहेरून थेंब जमले तर हवेचा दमटपणा, आतून जमले तर भिंतीतलं पाणी. घरोघरी साड्यांना लेस लावतात, त्यामुळे पॅकिंगच्या पिशव्यांना तोटा नव्हता. थेंब आतून आले. दोन्ही शेजाऱ्यांनी लगेच आपापल्या नळाची शपथ घेतली.

शेवटी पाणी कुणाचं ते शोधायला डाईंग मिलमधले काका गुलाबी रंगाची पुडी घेऊन आले. आमच्या मोरीत रंगीत पाणी ओतलं आणि सगळे आमच्या भिंतीकडे टक लावून बसले. ती पांढरीच राहिली. तेवढ्यात पलीकडच्या घरातून हाक आली, "भो, हाई गुलाबी पानी कथाईन उनं?"

मग तिन्ही घरांनी मोऱ्या तपासल्या. तिघांच्याही गळत होत्या. भांडायला कुणी उरलंच नाही, म्हणून वर्गणी निघाली. पाईप बदलले, गिलावा ओलीच्या वर हातभर खरवडला. मिस्त्रीनं बजावलं, पूर्ण वाळल्याशिवाय थापी लावायची नाही.

शेजारीणबाई मात्र गुलाबी डाग घासून घासून थकल्या. काकांनी भिंतीवरून प्रेमानं हात फिरवला. "बघा," ते म्हणाले, "मिलमध्ये इतका पक्का रंग आयुष्यात बसला नव्हता!"