मामा, स्क्रीनवर काय दिसतंय?

(जेवणाचं टेबल. त्यावर जुना लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, लोणच्याची बरणी. बनियनवर बसलेले गृहस्थ, कानाला मोबाइल.)

हां, बोल रे. स्क्रीनवर काय दिसतंय? मी दिसतोय. काळ्या काचेत दुसरं काय दिसणार?

(मोबाइल बाजूला धरून, प्रेक्षकांना) भाचा. बंगळुरूला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. अकरा टाकायला गेलो, तर म्हणे इंटेलची निदान आठवी पिढी हवी. आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. अहो, गावच्या जमिनीच्या कज्ज्यातसुद्धा तीन पिढ्यांवर कोणी विचारत नाही!

भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाका. फुकट आहे. अर्ध्या तासाचं काम." हे शनिवारी. आज मंगळवार. त्यात हिची अट, विंडोजला हात लावायचा नाही, त्यात भिशीचा हिशोब आहे. म्हणजे एका लॅपटॉपात दोघं. एक भिंत घालून.

मी लिनक्सची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली. ढिम्म. "नुसती कॉपी करून चालत नाही मामा, बूटेबल करावा लागतो." खरंय, बरणीत कैऱ्या टाकल्या म्हणून लोणचं होत नाही. पण मग आधी सांगायचं ना! तर रूफस नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याने विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, ओके? मी ओके म्हटलं. लग्नापासून तेच म्हणतोय.

(आत बघून, हळू) त्यात मेहुणीच्या साखरपुड्याचे फोटो होते. अजून सांगितलेलं नाही.

मग पेन ड्राइव्हवरून सुरू करायला एफ १२. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं नाव चमकतं, तेवढ्यात दाबायचं. जरा उशीर झाला की विंडोज हजर. म्हणून मी आधीपासूनच, (बोटाने टेबलावर) टक टक टक टक... आतून ही, "अहो, दार उघडा, कोण आलंय बघा!"

शिरलो एकदाचा लिनक्समध्ये. "मामा, डिस्क दिसतेय?" नाही. सकाळपर्यंत होती! शेवटी बायोसच्या सेटिंगमध्ये डिस्कपुढे 'रेड' लिहिलेलं सापडलं. ते बदलून 'एएचसीआय' केलं. डिस्क दिसली! पण आता विंडोज उठेना. निळा पडदा. परत रेड केलं, विंडोज उठलं, डिस्क गायब. एएचसीआय, रेड, एएचसीआय, रेड... सासू येते म्हटलं की सून माहेरी, सून आली की सासू काशीला. भाचा म्हणाला, विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये उठवा, मग त्याला सवय होईल. झाली! आम्हाला नाही झाली, पण त्याला झाली.

लिनक्स बसलं. दिसायला छान. फक्त वाय-फाय नाही. ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर कुठे? इंटरनेटवर. इंटरनेट कशावर? वाय-फायवर. मग मोबाइल वायरीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं. वायर एवढीशी. म्हणून मी भाच्याशी असा, (गाल टेबलाला टेकवून) हां बोल... ऐकू येतंय... नाही रे, लोणच्याचा वास येतोय, बोल!

(सरळ होत) ड्रायव्हर आला. दोन्ही चालू! विंडोज उघडून हिला हाक मारली. बघ, तुझी भिशी जशीच्या तशी. ती स्क्रीनकडे बघते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. भिंतीवर रात्रीचा दीड. लॅपटॉपवर आठ.

"मामा, ते लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं. विंडोज तीच इथली समजून वाचतं. म्हणून साडेपाच तास मागे. एक कमांड टाका, होईल सरळ."

(मोबाइल खाली ठेवतात. लॅपटॉपचा स्क्रीन आतल्या दाराकडे वळवतात.)

अगं, झोपतेस काय? आठच वाजलेत. जरा चहा टाक. आणि हे बघ... तुझ्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो... अजून कोणाकडे असतील का गं?

(अंधार.)