तब्येतीची चौकशी

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत कमिटीची निवडणूक लागली आहे. मतदार 84, उमेदवार 12 आणि लिफ्ट तीन आठवडे बंद. सत्ताधारी पॅनेलची यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा लोकांनी ती आधी वरून खाली वाचली, मग खालून वर. काकांचं नाव नव्हतं. तळाशी बारीक अक्षरात खुलासा होता: ज्येष्ठ सदस्यांना प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती देण्यात येत आहे.

काकांनी हा खुलासा पाचव्या मजल्यावरून जिन्याने उतरून वाचला. चष्मा घरीच राहिला होता म्हणून वर गेले, चष्मा लावून पुन्हा खाली आले. खुलासा लिहिणारे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत ते बोरिवलीला भावाकडे मुक्कामाला आहेत.

काका रेल्वेतले. 1974च्या संपात नोकरी गेली, 1977ला जनता सरकार आल्यावर मधू दंडवत्यांच्या खात्याने ती परत दिली. इथे टँकरच्या रांगेत भांडणं व्हायची त्या काळात हे पॅनेल काकांनीच उभं केलं. त्यांचं डावेपण पुस्तकी नाही. वॉचमनला आठवड्याची सुट्टी हवी, झाडूवालीला दिवाळीला पूर्ण पगाराचा बोनस हवा, आणि रिडेव्हलपमेंटवाल्या बिल्डरने जे तोंडी सांगितलं ते कागदावर हवं, एवढंच. यातली तिसरी मागणी तब्येतीला फार घातक असते.

"मग मी अपक्ष उभा राहतो," काका म्हणाले.

पक्ष म्हणजे पंख. त्या हिशेबाने अपक्ष म्हणजे बिनपंखाचा. म्हणजे ज्याला उडता येत नाही त्याने उडी मारायची. शिवाय पितृपक्षातही एक पक्ष आहेच, आणि तिथे तरी ज्येष्ठांना पान वाढतात, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

"तब्येतीचं कारण नवं नाही रे," काका म्हणाले. "जॉर्जलाही हेच सांगितलं होतं."

जॉर्ज फर्नांडिसांचं नाव निघालं की काकांच्या घरी चहा दुसऱ्यांदा होतो. मंगळूरहून आलेला, चौपाटीच्या बाकांवर झोपलेला पोरगा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा आणि महापालिका कामगारांचा पुढारी झाला. 1967 साली दक्षिण मुंबईत त्याने स. का. पाटलांना पाडलं, ज्यांना पाडता येतं हेच तोवर मुंबईला माहीत नव्हतं. 1974ला त्याने रेल्वे थांबवली. 1977ला तुरुंगातूनच बिहारच्या मुजफ्फरपूरमधून तो तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आला. मग उद्योगमंत्री होऊन कोका-कोलाला घरी पाठवलं आणि पुढे रेल्वेमंत्री होऊन कोकणात रेल्वे नेली. ज्याने गाड्या बंद पाडल्या त्यानेच गाडी सुरू केली, असं काका दर वेळी म्हणतात, आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतो. पुढे हाच माणूस भाजपच्या सरकारात संरक्षणमंत्री होता. तो भाग आला की काका बशीत चहा ओततात आणि बराच वेळ फुंकर मारतात.

1994ला जॉर्जने नितीश कुमारांबरोबर समता पक्ष काढला, 2003ला तो जनता दल युनायटेडमध्ये विलीन झाला. आणि 2009ला त्याच पक्षाने त्याच मुजफ्फरपूरचं तिकीट नाकारलं. कारण: तब्येत. तिकीट मिळालं कॅप्टन जयनारायण निषादांना. ते 2008मध्ये पक्षांतरबंदी कायद्याखाली राज्यसभेतून अपात्र ठरले होते. म्हणजे एकाची तब्येत बरी नव्हती आणि दुसऱ्याची इतकी ठणठणीत होती की एका पक्षात बसवत नव्हतं. जॉर्ज अपक्ष उभे राहिले. निषाद निवडून आले. ज्या मतदारांनी बेड्यांतल्या माणसाला तीन लाखांची आघाडी दिली होती, त्यांनी मोकळ्या माणसाचं डिपॉझिटही राखलं नाही. त्यासाठी एकूण मतांचा सहावा हिस्सा लागतो, जास्त नाही.

आणि खरी गंमत पुढे. निकालानंतर तीन महिन्यांच्या आत त्याच पक्षाने त्यांना राज्यसभेवर बिनविरोध पाठवलं. लोकसभेला जी तब्येत चालली नाही ती राज्यसभेला चालली. बरं, पक्ष खोटं बोलला होता असंही नाही. जॉर्जना अल्झायमर होता, हे पुढे सगळ्यांना कळलं. तब्येतीचं कारण खरं निघाल्याचं आपल्या राजकारणातलं हे बहुधा एकमेव उदाहरण, आणि नेमकं त्यावर पक्षाला स्वतःलाच टिकता आलं नाही.

"काका, पण आपल्याकडे अपक्ष निवडून येतात," मी धीर दिला. मीरा-भाईंदरकर म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे. 2019ला भाजपच्या माजी महापौर गीता जैन अपक्ष उभ्या राहिल्या आणि भाजपचेच आमदार नरेंद्र मेहता यांना पंधरा हजारांहून जास्त मतांनी हरवून निवडून आल्या. निकालानंतर त्यांनी पाठिंबा कोणाला दिला? भाजपला. 2020ला शिवबंधन बांधलं. 2022ला शिवसेना दुभंगली तेव्हा त्या एकनाथ शिंदेंच्या बाजूला. 2024ला पुन्हा अपक्ष, आणि या वेळी मेहता जिंकले. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने पक्षात प्रवेश केला तर आमदारकी जाते, असं दहावी अनुसूची म्हणते. पण शिवबंधन मनगटाला बांधतात, आणि कायद्याची नजर बहुधा मनगटापर्यंत पोचत नाही.

"ते अपक्षपण म्हणजे भाईंदरचा प्लॅटफॉर्म," काका म्हणाले. "उतरायचं ते पुढची फास्ट पकडायला. जॉर्ज उतरला तेव्हा मागून गाडीच नव्हती."

मग मी लंडन काढलं. जेरेमी कॉर्बिन, 1983पासून इस्लिंग्टन नॉर्थचा खासदार, जवळपास पाच वर्षं मजूर पक्षाचा नेता. पक्षाने उमेदवारी नाकारली. 2024च्या जुलैत पंच्याहत्तरीचा हा गृहस्थ अपक्ष उभा राहिला आणि मजूर पक्षाच्या प्रफुल नरगुंद यांना सात हजारांहून जास्त मतांनी हरवून निवडून आला. नरगुंद हे आडनाव वाचून इकडच्या माणसाला लगेच धारवाड-बदामीचा रस्ता आठवतो, म्हणून मी निकाल दोनदा वाचला होता. पक्षाला मात्र त्याची काही खंत नव्हती. चारशे पार ही घोषणा त्या वर्षी दिल्लीत दिली गेली, आणि खरी झाली ती लंडनमध्ये.

"त्याच्याकडे होतं काय?" काकांनी विचारलं.

"चाळीस वर्षांची दारोदार ओळख. आणि छोटा मळा. फळांचा जॅम करतो म्हणे स्वतः."

काका विचारात पडले. आमच्या इमारतीत मळा गच्चीवरच्या दोन कुंड्यांचा, आणि दारोदार ओळखीत हल्ली मोडता असा की निम्म्या दारांवर भाडेकरू, आणि भाडेकरूला मत नाही. उरलेल्या निम्म्यांना बिल्डरने चौरस फूट वाढवून देतो म्हणून सांगितलंय. तोंडी.

तरी त्यांनी कपाटातून फॉर्म काढला. सूचक म्हणून त्यांच्याच मजल्यावरच्या वहिनींनी आधीच सही केली होती. अनुमोदकाची जागा रिकामी होती. काकांनी पेन पुढे केलं. मी चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद असताना माझ्या आईची औषधं तीन आठवडे काकाच खालून आणून देतायत. मी सही केली.

पॅनेलच्या अध्यक्षांच्या फॉर्मवर सकाळीच केली होती. तिथेही जागा अनुमोदकाचीच होती.