अप्पांचा आकडा

"काय अप्पा, कसं काय?" असं विचारलं की अप्पा म्हणतात, "दोनशे दहा."

हा आकडा मोत्याचा, म्हणजे त्यांच्या कुत्र्याच्या साखरेचा. कुत्रं आपण पाळून बातम्या शेजाऱ्यांना पुरवणारा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असेलच. पण आमच्या अप्पांनी कुत्रं घेतलं तेच अकरा वर्षांचं, मधुमेहासकट. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना हा आकडा अप्पांचाच वाटला. माणसाला दोनशे दहा म्हणजे फारच की! त्या रोज सकाळी कारल्याचा रस पाठवू लागल्या. अप्पा तो निमूट पीत राहिले. स्वतःची साखर शेवटची कधी तपासली, असं विचारलं तर मात्र लगेच विषय बदलतात.

औषधाच्या दुकानात तर तमाशाच.

"लाल टोपीच्या, चाळीसच्या सिरिंज द्या."

"पेशंटचं वय?"

"अकरा."

"अरेरे! एवढ्या लहानपणी?"

"लहान कसला? मोतीबिंदू झालाय त्याला!"

सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. आधी जेवण, मग सुई. कारण उपाशीपोटी इन्सुलिन गेलं तर साखर धाडकन उतरते. त्यामुळे मोत्याने ताटलीकडे पाठ फिरवली की अप्पांचं बीपी वाढतं. आमच्या भाचीच्या रिसेप्शनला अप्पा सव्वासातलाच उठले. स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या कानात "एकशे ऐंशी" म्हणाले आणि पसार झाले. आहेराचं पाकीट तेवढ्याचंच निघेल, अशी नवरदेवाची समजूत झाली.

कुणी फार चिडवलं की अप्पा इतिहासात शिरतात. "1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, ते कुणाच्या जिवावर? कुत्र्यांच्या! तुमचे सासरे रोज पोटात टोचून घेतात, ती त्यांचीच उधारी. मी आपला हप्ता फेडतोय."

मुलगा सिडनीला असतो. दर रविवारी फोन. "बाबा, तब्येत?" "एकशे पंच्याण्णव." मुलानं हल्ली विचारणं सोडलंय.

मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतोच. मोत्याला आता काही दिसत नाही. तेव्हापासून अप्पांच्या घरातली खुर्ची जागची हललेली नाही. दिवाळीची साफसफाईसुद्धा सोफ्याला वळसा घालून झाली. लिफ्टच्या आवाजाला मोत्या बिचकतो, म्हणून अप्पा गुडघे धरून त्याच्याबरोबर जिन्याने उतरतात. "पायरी... पायरी... संपली" असं म्हणत. मागे अडकून पडलेल्याला घाई असली, तर त्याची ती घाई मुकाट्याने संपते.

मोत्याचा आधीचा मालक नव्या फ्लॅटमध्ये गेला आणि याला पार्किंगमध्ये ठेवून गेला. पिल्लू तरी घ्यायचं होतं, असं मी एकदा म्हटलं. अप्पा म्हणाले, "पिल्लाला काय, कुणीही घेतं."

माणूस कटकट्या आहे, यात वाद नाही. पण तुमच्याकडे काही कार्य असेल, तर त्यांना बोलवा. फक्त दुपारचं बोलवा.