पाण्यात राहून पाण्याशी वैर

जानेवारीतल्या पहाटे पुण्याच्या मुळा-मुठा संगमाजवळ नदीतून वाफ निघताना दिसते. हवेपेक्षा पाणी उबदार असतं, म्हणून. नवख्याला वाटतं, चला, कोणीतरी बंब पेटवून ठेवलाय. मग वारा फिरतो आणि वास येतो.

सीओईपीच्या, म्हणजे १८५४ साली सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची मुलं-मुली इथे कयाक घेऊन उतरतात. त्यांचा रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासूनचा. तो असतो उन्हाळ्याच्या तोंडावर, त्यामुळे तयारी ऐन थंडीत आली. ज्या वयात आईने चारदा हाका मारल्याशिवाय पांघरूण सुटत नाही, त्या वयात ही मंडळी अंधारात नदी गाठतात. घरच्यांना यातलं क्रीडाप्रेम सोडून बाकी सगळे संशय येतात.

कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. एक पातं बुडालं की दुसरं वर येतं, आणि त्यावरचं पाणी दांड्यावरून ओघळत थेट बाहीत शिरतं. थोड्याच वेळात कोपरापर्यंत नदी! रोइंगवाल्यांचं बरं असतं. ते पाठमोरे बसतात, समोरून काय येतंय ते त्यांना दिसत नाही. कयाकवाल्याला निर्माल्याची पिशवीसुद्धा सविस्तर दिसते.

थंडीतली ही हौस फक्त पुण्याची नाही. इंग्लंडमध्ये डिव्हाइझेस ते वेस्टमिन्स्टर अशी १२५ मैलांची शर्यत ईस्टरला होते. वाटेत ७७ ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढून उचलून न्यायची. तिचा सराव हिवाळाभर चालतो आणि तिथलं पाणी खरोखर जिवावर उठणारं. पंधरा अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की दचकून जोरात श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं सांगायला नको.

पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांवर उतरला होता, आणि जुनेजाणते तो अजून अभिमानाने सांगतात. पण नदी काही तेवढी गारठत नाही. तरी इथलाही कयाकवाला पडायचं टाळतो, आणि तोल गेलाच तर आधी तोंड मिटतो. पुणेकराचं तोंड इतका वेळ मिटलेलं राहणं, ही या खेळाची सर्वांत मोठी कामगिरी मानायला हवी.

दोष नदीचा नाही. पावसाळा सरला की खडकवासल्यातून मुठेत पाणी सुटणं जवळपास थांबतं. धरणाचं पाणी संगमापर्यंत येतंच. फक्त पुणेकरांच्या घरून येतं.

त्या पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसली जाते. मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलं जांभळी, देखणी, आणि वाढ अशी की अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत पसारा दुप्पट. वल्ह्याला तिची मुळं गुंडाळली की सरावाचं रूपांतर शेतीकामात होतं. संगीतावर ताल धरून करायच्या कयाक बॅलेत तर प्रत्येकाच्या नाकासमोर हिरव्या झालरी.

ही जलपर्णी पवना आणि मुळेतून वाहत आली, सबब ती पिंपरी-चिंचवडची, असं पुणे शहरात ठाम मत आहे. पिंपरी-चिंचवडलाही मत आहे. कयाकवाल्याला मात्र मत मांडण्याची सोय नाही. त्याने तोंड मिटलेलं आहे.