टेन्शन नाही, पण सांगून ठेवतो

आमच्या मजल्यावरचे आप्पा टेन्शन घेत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, दिवसातून चाळीसेक वेळा. "टेन्शन नाही हं, पण सांगून ठेवतो," अशी सुरुवात झाली की समजावं, टाकीतलं पाणी तळाला गेलंय, लिफ्टमधून आवाज येतोय, नाहीतर माझ्या स्कूटरच्या विम्याची मुदत संपत आलीय. विम्याचं माझ्या आधी त्यांना कसं कळतं, हे विचारायची माझी हिंमत नाही.

नालासोपाऱ्यात राहून फोर्टात नोकरी करणाऱ्याच्या टेन्शनचं मूळ शोधायला कुठे जावं लागत नाही. ते इंडिकेटरवर लिहिलेलं असतं. आप्पा सकाळी सरळ मुंबईच्या गाडीत चढत नाहीत. आधी उलटे विरारला जातात आणि तीच गाडी चर्चगेटकडे निघते तेव्हा आत बसलेले असतात. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसईचा किल्ला एकदाच घेतला. आमचे आप्पा खिडकी रोज घेतात. कधी हुकलीच, तर चौथी सीट: अर्धं अंग बाकावर, अर्धं देवाच्या भरवशावर.

मग बॅग उघडते. छत्री (बारा महिने), बीपीची गोळी, गोळी हरवली तर दुसरी गोळी, आणि काकूंनी दिलेली सुकेळी. वसईची ती वाळवलेली केळी आप्पा फार निगुतीनं खातात. पानाची गुंडाळी सोडवायची, एक तुकडा तोडायचा, बाकीचं परत गुंडाळायचं. "गाडी मध्येच अडकली तर?"

नायगाव सुटलं की आप्पा डोळे मिटतात. पुढे खाडीचा पूल. डॉक्टरांनी दीर्घ श्वसन सांगितलंय, आणि विरार फास्टमध्ये छाती फुगवण्याइतकी हवा मिळते ती इथेच. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची धडधड मंदावते, हे डॉक्टरांचं म्हणणं खरंच आहे. पण भाईंदर येईस्तोवर किती श्वास झाले याचा आप्पा हिशेब ठेवतात आणि कालच्यापेक्षा एक कमी भरला की अस्वस्थ होतात.

मी त्यांना एकदा गंमत म्हणून सांगितलं, की 1936 साली विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि त्याच वर्षी हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं कॅनडात उंदरांवर प्रयोग करून, शरीर ताणाला कसं तोंड देतं यावरचं आपलं पहिलं गाजलेलं टिपण 'नेचर'मध्ये छापलं. आप्पांनी क्षणभर विचार केला. "उंदरांना विंडो मिळाली होती का?"

डॉक्टरांनी चालायलाही सांगितलंय. म्हणून रविवारी जीवदानी. पायऱ्या तेराशेच्या वर. आप्पा न थांबता चढतात, धापा टाकत देवीसमोर उभे राहतात आणि हात जोडायच्या आधी घरी फोन लावतात: "गॅस बंद केलास ना गं?" काकू तेव्हा त्याच गॅसवर पोहे परतत असतात.

मला त्यांचा राग येतो. येत होता, म्हणायला हवं.

2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं आणि गाड्या बंद पडल्या. इमारतीच्या जिन्याची खालची तीन पावलं बुडाली, वीज गेली, फोन विझले. बिल्डिंगभर आरडाओरडा. आणि आप्पा? लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात टॉर्च, शांत. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा निवांत मी पाहिला नव्हता. त्यांच्या माळ्यावरून मेणबत्त्या निघाल्या, दूध पावडर निघाली, पार्ले-जीचे पुडे निघाले, रॉकेलचा स्टोव्हसुद्धा निघाला. काकूंनी पातेलंभर खिचडी टाकली. तळमजल्यावरच्या आजींना आप्पांनी आणि मी खुर्चीसकट वर आणलं. आप्पा मागून धरून, "सावकाश, काही घाई नाही," म्हणत होते. घाई नाही! हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच असं म्हणत होता. रात्री त्यांच्या घरात अकरा माणसं झोपली आणि आप्पा सर्वांत आधी घोरू लागले.

पाणी ओसरलं. त्यानंतर एका पहाटे दारावर टकटक. आप्पा उभे, बॅग खांद्याला, चेहरा पुन्हा ओढलेला.

"गाड्या सुरू झाल्या रे."

"बरं झालं की, आप्पा."

"बरं कसलं? पहिल्याच दिवशी गर्दी होणार. टेन्शन नाही हं, पण सांगून ठेवतो."

मी निघालो त्यांच्याबरोबर. उलटे विरारला गेलो, जागा धरल्या. बॅगेत छत्री आहे ना, हे मी दोनदा चाचपलं. नायगाव गेलं, खाडीचा खारट वारा आत आला. आप्पांनी डोळे मिटले. कुणी बघत नाहीसं पाहून मीही मिटले आणि मोजत श्वास आत घेऊ लागलो.

"पाच झाले," आप्पा कानाशी पुटपुटले. "चारच घ्यायचे असतात."